तुरटीचा खडा: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

किराणा दुकानातली तुरटी आमच्या घरात गेल्या पावसाळ्यात गढूळ पाण्यासाठी आली आणि उन्हाळा सरेपर्यंत न्हाणीघर, दाढीचे सामान व औषधांचा कप्पा अशा तिन्ही ठिकाणी तिने जागा मिळवली. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, तिचे जे उपयोग खरे उतरतात, ते बहुतेक एकाच गुणातून निघतात. विरघळलेल्या तुरटीतला ॲल्युमिनियमचा अंश पाण्यातले मातीचे कण किंवा रक्तातली व कातडीवरची प्रथिने एकत्र गोळा करतो. या गुणाचा जिथे संबंध नाही, तिथे तिची कीर्ती बव्हंशी ऐकीव आहे.

पाण्याच्या बाबतीत ती निःसंशय उत्तम आहे. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसेंदिवस तळाशी बसत नाहीत. ॲल्युमिनियमचा धनभार हा दुरावा मोडतो, शिवाय पाण्यातल्या बायकार्बोनेटशी संयोग होऊन जे चिकट पुंजके तयार होतात, ते गाळाला आपल्याबरोबर खाली ओढतात. हंड्यात खडा फिरवण्याच्या जुन्या पद्धतीत प्रमाणाचा अंदाज राहत नाही आणि जास्त झाल्यास पाण्याला चव येते. म्हणून मी वीस लिटरच्या पिंपासाठी अर्धा ग्रॅम, पाणी फारच गढूळ असेल तर एक ग्रॅमपर्यंत तुरटी वाटीभर पाण्यात विरघळवून ओततो, मिनिटभर जोरात आणि मग थोडा वेळ अगदी हळू ढवळतो, आणि पिंप रात्रभर हलवत नाही. सकाळी वरचे पाणी अलगद काढून घेतले की तळाचा गाळ पाहून आदल्या दिवशी आपण काय पीत होतो, याची कल्पना येते. मात्र नितळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. गाळाबरोबर काही जंतू खाली बसतात, सगळे बसत नाहीत, त्यामुळे उकळणे किंवा क्लोरीन घालणे चुकत नाही. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही ॲल्युमिनियम सल्फेटने गाळ बसवल्यावर पाणी वाळूतून गाळतात व त्यात क्लोरीन मिसळतात. घरगुती उपाय सांगणारे नेमके हे पुढचे टप्पे विसरतात. बोअरचे जड पाणी तुरटीने मऊ होते, हा समजही चुकीचा आहे.

दाढी झाल्यावर ओला खडा गालांवर फिरवण्याची न्हाव्यांची रीत मला पटली. बारीक कापल्याचे रक्त लगेच थांबते, कारण तिथली प्रथिने गोठतात आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. खडा मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. काखेत लावल्यास घाम फारसा कमी होत नाही, पण घामावर वाढणारे जंतू रोखले जाऊन दुर्गंधी बरीच कमी होते. हाच खडा गुळगुळीत करून ‘नैसर्गिक डिओडरंट’ म्हणून कित्येक पट किमतीला विकला जातो; त्यावर कधी कधी ‘ॲल्युमिनियमविरहित’ असेही छापलेले असते, आणि ते निखालस खोटे आहे.

तोंड आल्यावर तुरटीची लाही मधातून लावण्याचा उपाय मात्र मी बंद केला. तव्यावर तुरटी आधी स्वतःच्याच पाण्यात वितळते, कारण तिच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग पाण्याचा असतो, आणि मग फुलून पांढरी, ठिसूळ होते. ही लाही लावताच जखम कमालीची झोंबते, नंतर काही काळ बधिरपणा येतो, पण व्रण भरायला नेहमीइतकेच दिवस लागल्याचे मला दिसले. तुरटीचे द्रावण बऱ्यापैकी आम्लधर्मी असल्याने रोजच्या चुळांसाठीही मी ते वापरत नाही. दातांच्या आवरणाला ते मानवणारे नाही.

विकत घेताना एवढे पाहावे की, पोटॅशची आणि अमोनियाची अशा दोन्ही तुरट्या दिसायला सारख्याच असतात. चिमूटभर पूड ओल्या चुन्यात चोळून पाहिली आणि नाकाला झोंबणारा वास आला, तर ती अमोनियाची समजावी. पाणी निवळायला दोन्ही चालतात. खडा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या डबीत कोरडा ठेवावा; लोखंडी डब्यात ओला राहिल्यास डबा गंजतो.