नांदेडचा लंगर: ताटात काय, पंगतीत काय, पोथीत काय

नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरात, म्हणजे सगळ्यांसाठीच्या मोफत पंगतीत, जेवायचं तर आधी खिसे तपासा. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, गुटखा, सिगारेट यातलं काहीही आत न्यायचं नाही. मराठवाड्यात ही सूचना पहिलीच द्यावी लागते. डोकं झाकलेलं हवं. पदर, ओढणी, रुमाल चालतो; क्रिकेटची टोपी नाही. चपला जोडाघरात ठेवून, हातपाय धुऊन मग ताट घ्यायचं आणि सतरंजीवर जिथे रांग पोचली असेल तिथे बसायचं. घरच्यांना एकत्र बसायचं असेल तर एकत्रच आत या. ‘इथे आमच्या काकू येताहेत’ म्हणून जागा धरून ठेवली की पंगत तुटते आणि वाढप्याचा ताल बिघडतो.

बहुतेक नवखे चुकतात ते रोटी घेताना. रोटीला इथे ‘परशादा’ म्हणतात आणि ती दोन्ही तळहातांची ओंजळ करून घ्यायची असते. एकच हात पुढे केला तर सेवादार थांबतो आणि डोळ्यांनीच दुसरा हात मागतो. दोन्ही हात जुळले की वरून रोटी सोडतो. डाळ, भाजी मात्र थेट ताटात. नको असेल तर ताटावर तळहात आडवा धरायचा. लागेल तेवढंच घ्या. दुसरी, तिसरी फेरी येतेच, त्यामुळे पहिल्याच फेरीत ताट भरून ठेवणं आणि निम्मं टाकणं याला काही निमित्त उरत नाही.

आता चव. लंगरची खरी दाल म्हणजे अख्खे उडीद आणि चणाडाळ, साधारण तीनास एक. मोठ्या देगीत मंद आचेवर तासन्‌तास शिजते, मधूनमधून घोटली जाते, म्हणून साय न घालताही साय घातल्यासारखी दाट लागते. घरी हीच दाल फसते ती घाईने. उडीद रात्रभर न भिजवता कुकरला चार शिट्ट्या दिल्या तर दाणा शिजतो, पण पाणी वेगळं आणि दाणा वेगळा राहतो. शिट्ट्या झाल्यावर झाकण काढून, पळीच्या पाठीने थोडे दाणे कडेला चिरडत अर्धा-पाऊण तास उकळली तर जमते. मराठवाड्याच्या जिभेला सपक वाटेल, पण ठेचा मागू नका. निहंगांची, म्हणजे शिखांतल्या शस्त्रधारी पंथाची, स्वतःची बोली आहे: मिरची म्हणजे ‘लडाकी’, कांदा म्हणजे ‘रूपा’ आणि चणे म्हणजे ‘बदाम’. ज्यांच्या पूर्वजांनी जंगलात चण्यांवर दिवस काढले त्यांनी त्यांना बदाम म्हणावं, यातला विनोद कळला तर सपक दालही गोड लागते. दालीला पाचपैकी साडेचार, भाजीला तीन. मोठ्या लंगरांत गर्दीच्या दिवशी यंत्रावरच्या रोट्या असतात, त्या गरम आहेत तोवर खाव्यात. गार झाल्या की चिवट.

कडाह प्रसाद दरबारात मिळतो, पंगतीत नाही. शिखांच्या रहित मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, त्याचं प्रमाण लिहून दिलेलं आहे: कणीक, तूप, साखर, तिन्ही समान वजनाचे. पाणी दुप्पट ते तिप्पट. कणीक तुपात बदामी होईपर्यंत भाजायची आणि साखरेचं उकळतं पाणी एकदम ओतायचं. पाणी कोमट असलं की गाठी होतात, भाजणी कच्ची राहिली की टाळूला चिकटतो. कडेने तूप सुटलं म्हणजे झाला. तूप कमी करून ‘हलका’ करण्याच्या फंदात पडू नये. तो मग शिरा होतो. वाटपाचाही नियम तिथेच आहे: आधी पंज प्यारे, म्हणजे गुरूंचे पाच प्रिय शीख, यांचा वाटा, मग सगळ्यांना भेदभाव न करता, सारखा.

इथवर जेवणाचं झालं. पण लंगरातून बाहेर पडणारा माणूस जेवणाला गुण देऊन थांबत नाही, तो धर्मालाच गुण देऊन मोकळा होतो. ‘काय सेवाभावी लोक आहेत, धर्म असावा तर असा.’ दुसरा एखादा, पंजाबातल्या जातींबद्दल वाचलेला, तितक्याच घाईने नापास करतो. तिसरा म्हणतो, माणसांचं सोडा, ग्रंथ बघा. तिघांचंही काहीतरी सुटतं. अनुयायाला त्याच्याच पोथीतला प्रश्न विचारावा आणि उत्तर त्याच्या वागण्यात बघावं, हाच त्यातल्या त्यात सरळ हिशोब. शिखांच्या बाबतीत तो सोपा जातो, कारण त्यांची पोथी फडताळात नसते. ऑक्टोबर १७०८ मध्ये याच नांदेडला गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुगादी दिली. १४३० पानांचा हा ग्रंथ. पानांना पान नाही, ‘अंग’ म्हणतात. तो गादीवर बसतो, त्याच्यावर चौरी ढाळतात आणि रोज तो उघडून जो शबद, म्हणजे पद, समोर येईल तो त्या दिवसाचा हुकूम.

हा हुकूम अनुयायांच्या विरोधातही जाऊ शकतो, आणि गेलेला आहे. १२ ऑक्टोबर १९२०, अमृतसर. ‘खालच्या’ मानलेल्या जातींतले, नुकतंच अमृत, म्हणजे दीक्षा, घेतलेले शीख कडाह प्रसाद घेऊन दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, आले. पुजाऱ्यांनी प्रसाद स्वीकारून अरदास (प्रार्थना) करायला नकार दिला. वाद वाढला, शेवटी ग्रंथ उघडून कौल घ्यायचं ठरलं. समोर आला गुरू अमरदासांचा सोरठ रागातला शबद, अंग ६३८: ‘निगुणिआ नो आपे बखसि लए भाई सतिगुर की सेवा लाइ.’ ज्यांच्याकडे गुण नाहीत त्यांनाही तो स्वतःच क्षमा करतो आणि सद्गुरूच्या सेवेला लावतो. प्रसाद स्वीकारावा लागला. पुढच्याच महिन्यात गुरुद्वारांचा कारभार बघणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती उभी राहिली. ग्रंथ आणि अनुयायी यांची गाठ इतकी समोरासमोर पडल्याची उदाहरणं थोडीच.

पंगत या परीक्षेत उतरते का? ‘जाणहु जोति न पूछहु जाती’ हा गुरू नानकांचा प्रश्न धरला तर उतरते, आणि चांगल्या गुणांनी. कोण जेवतंय हे कुणी विचारत नाही. लाटायला, लसूण सोलायला, ताटं घासायला कुणीही बसू शकतो, शीख असण्याची अट नाही. मांस नसतं, तेही याचसाठी, कुणाला ताट नाकारायची वेळ येऊ नये म्हणून. पण पंगतीचाही अतिरेक होतो. कॅनडातल्या गुरुद्वारांत टेबल-खुर्चीवर जेवावं की जमिनीवर यावरून मारामाऱ्या झाल्या आणि १९९८ साली अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, जमिनीवरच बसण्याचा हुकूमनामा काढला. पोथीचा जोर समानतेवर आहे, सतरंजीवर नाही. गुडघे गेलेल्या आजीला बाक देणारी पंगत त्यामुळे मोडत नाही, असं आमचं मत.

नांदेडला खरी गंमत लंगरात नाही, दरबारात आहे. गुरू नानकांचा आरतीचा शबद प्रसिद्ध आहे: गगन हे ताट, सूर्य-चंद्र दिवे, तारे मोती. म्हणजे निरांजनाची गरजच काय, असा त्याचा रोख. रहित मर्यादाही दिवे ओवाळायला आणि ग्रंथाशेजारी दुसरा ग्रंथ बरोबरीने ठेवायला मनाई करते. हजूर साहिबला मात्र संध्याकाळी दिव्यांची आरती होते, गोविंदसिंगांच्या नावावरचा दसम ग्रंथही शेजारी असतो आणि सणाला शस्त्रांना झटक्याच्या, म्हणजे एका घावात मारलेल्या, बकऱ्याच्या रक्ताचा टिळा लावण्याची रीत आहे. शिरोमणी समितीचा अंमल इथे नाही. १९५६ च्या स्वतंत्र कायद्याखाली इथला कारभार चालतो, आणि इथले लोक म्हणतात की जुनी, गुरूंच्या वेळची रीत आमचीच आहे. पंजाबातून आलेला भाविक इथे जरा गांगरतो. आरती मात्र चुकवू नका, ऐकायला ती अप्रतिम आहे. गाताना शब्द मात्र ‘गगन मै थालु’ आणि हातात निरांजनाचं ताट, हे दोन्ही एकदम बघायला मिळतं.

नापासाचा शेरा मारावा लागतो तो बाहेर. पंजाबातल्या अनेक गावांत जाटांचा गुरुद्वारा वेगळा, मजहबी, म्हणजे दलित, शिखांचा वेगळा, स्मशानंही वेगळी. लंगरात शेजारी जेवलेली माणसं सरणासाठी दोन वाटांनी जातात. रविदासांची (आपल्या रोहिदासांची) वाणी गुरू ग्रंथात असूनही, २००९ मध्ये व्हिएन्नात शीख हल्लेखोरांनी संत रामानंदांची हत्या केल्यावर त्यांच्या डेरा सचखंड बल्लांने, म्हणजे रविदासांच्या अनुयायांच्या पंजाबातल्या मठाने, २०१० साली रविदासिया धर्म वेगळा जाहीर केला आणि रविदासांची वाणी वेगळ्या ग्रंथात घेतली. पोथीबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पोथीभोवतीच्या माणसांबद्दल होती. बायकांचंही तेच. दरबार साहिबच्या गाभाऱ्यात स्त्रियांना कीर्तन करू द्यावं, असा ठराव पंजाब विधानसभेला नोव्हेंबर २०१९ मध्ये करावा लागला. ग्रंथात स्त्रियांच्या कीर्तनाविरुद्ध एक ओळ सापडत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. जेवणाचे पैसे नाहीत. गोलकीत, म्हणजे दानपेटीत, टाकले तर टाकले. होळीच्या वेळचा होला-मोहल्ला आणि दसरा या सणांना गर्दी अफाट असते, लहान मुलं बरोबर असतील तर एरवीचा साधा दिवस बरा.

एक दिवस हाताशी ठेवून औंढ्या नागनाथालाही जाऊन या. गुरू ग्रंथात नामदेवांचे ६१ शबद आहेत. त्यांतल्या एकात नामा हसतखेळत देवळात येतो, भजनात दंग असताना त्याला हाताला धरून उठवतात आणि तो विचारतो, ‘छीपे के जनमि काहे कउ आइआ’, शिंप्याच्या जन्माला मी आलोच कशाला. तो मागे जाऊन बसतो आणि देऊळ त्याच्याकडे तोंड फिरवतं. शबदात देवळाचं नाव नाही. आपल्याकडची आख्यायिका ते औंढ्याचं मानते. तिथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे.