आजीच्या पातेल्यांना कल्हई, अंबाजोगाई

वाड्याचं बळद, म्हणजे धान्य साठवायची जुनी कोठी, उपसताना आजीची तांब्याची पातेली निघाली, अन् एका डब्यात चारमिनार छापलेले निजामाचे हाली पैसे. पैसे जपून ठेवले. पातेली बाजारातल्या कल्हईवाल्या चाचांकडे नेली. पातेलं तापवून नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथील फिरवून लगेच कापसानं पुसलं, आतून लख्ख! काठावर कोरलेल्या आजीच्या नावाला मात्र त्यांनी अजिबात धक्का लागू दिला नाही. हे मला फार भावलं. भाव आधी सांगतात, तोच घेतात. एका बुडाला कल्हई पातळ बसली होती, ती न कुरकुरता परत करून दिली. चिंचेची आमटी आता कळकत, म्हणजे तांब्यानं बिघडत, नाही. दुपारी दुकान बंद असतं, सकाळीच जा.