झेब्रा डॅनिओ: आठ महिने झाले, आता सांगतो

दिवाळीनंतर दोन फुटी टँक घेतला तेव्हा दुकानदाराने चार झेब्रा डॅनिओ मासे दिले आणि सोबत हीटरही गळ्यात मारला. तो मी अजून एकदाही लावलेला नाही. डिसेंबरात आमच्या पुण्यातल्या घरी पहाटे पाणी 19 अंशांवर उतरलं, तरी मासे आपले सुसाट. मूळचा गंगेच्या खोऱ्यातला, ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा मासा हा. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्ग अभ्यासकाने 1822 मध्ये तिथूनच त्याची नोंद केली. थंडी त्याला नवी नाही.

जाच झाला तो एप्रिलात. पाणी 31 वर गेलं आणि सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मी झाकण काढून पंखा लावला. पाणी दोन-तीन अंशांनी उतरलं खरं, पण सकाळी एक मासा टेबलामागे वाळून पडलेला. हे उड्या मारतात हे वाचलेलं होतं, तरी चूक केलीच. आता उन्हाळ्यात झाकणाऐवजी मच्छरदानीचा तुकडा ताणून बांधतो.

चार मासे घेणं हीदेखील चूकच. त्यातला एक दादा बाकीच्यांना दिवसभर पिटाळायचा. संख्या दहावर नेली तशी पाठलागाची वाटणी झाली. गोल बाऊलमध्ये मात्र यांना कोंडू नका, यांना पळायला लांबी लागते. शेपट्या लांब असलेले मासेही सोबत नकोत, कुरतडतात.

पैसे वसूल झाले ते अंड्यांच्या वेळी. तळाशी गोट्या पसरल्या की अंडी फटींत पडतात, नाहीतर आईबापच ती फस्त करतात. दिवा लागला की तासाभरात कार्यक्रम उरकतो. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर पारदर्शक अंड्यात हृदय धडधडताना दिसलं! मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सारख्या प्रयोगशाळा हाच मासा का पाळतात ते तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देत होतो; त्याने पाणी नासलं आणि चाळीसेकांतली सातच उरली. पुढच्या वेळी आधी इन्फुसोरिया, म्हणजे पिल्लांना खायला पाण्यातले सूक्ष्मजीव, तयार करेन.

हीटर खोक्यासकट माळ्यावर आहे. कोणी डिस्कस, म्हणजे गरम पाणी लागणारे मासे, पाळणार असेल तर घेऊन जा.