रेडिओ संच, आकाशवाणीचं ॲप की गाण्यांचं ॲप?

भाच्याने परवा विचारलं, "मामा, गाण्यांच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरू, की तुझ्यासारखा रेडिओ घेऊ?" पोरगा मुलुंडहून रोज फोर्टला लोकलने जातो, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर शॉर्टफिल्म करतो, आणि जुन्या हिंदी गाण्यांचं वेड त्याला आमच्याच घरातून लागलंय.

हवं ते गाणं हव्या त्या क्षणी पाहिजे असेल, तर गाण्यांच्या ॲपला तोड नाही. एडिटला बसल्यावर 'तो सतारीचा तुकडा कुठल्या गाण्यातला?' हे अर्ध्या मिनिटात मिटतं. पण जुनं गाणं शोधलं की कधीकधी झंकार बीट्सवालं आधी पुढ्यात येतं. मूळ ठेक्यावर ढोल बडवलेलं ऐकून कुणाचे कान तयार होणार? शिवाय गायकाचं नाव ठळक, संगीतकार असला तर असला, गीतकार बहुतेक वेळा गायब.

आकाशवाणीच्या विविध भारतीवर निवेदक चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी सगळी नावं घेतो. मदन मोहन आणि रोशन या संगीतकारांमधला फरक मला असाच, भाजी चिरता चिरता कळला. ही सेवा ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली. त्याआधी काही वर्षं आकाशवाणीने सिनेसंगीताला जवळपास दार बंद केलं होतं, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते.

फिल्म करणाऱ्याने रात्री १० वाजताचं 'छायागीत' तर ऐकावंच. विषय निवेदकाचा, मजकूर त्याचा, गाण्यांची निवडही त्याचीच. एकदा एका निवेदिकेने गाणं संपल्यावर लगेच तोंड उघडलं नाही. शेवटचा सूर पूर्ण विरू दिला, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग हळूच पुढचं वाक्य. दुसऱ्या दिवशी मी माझ्या चार मिनिटांच्या फिल्ममधलं शेवटचं पार्श्वसंगीत काढून टाकलं. 'हवामहल'मधल्या नाटिकाही तशाच: दार, पावलं, कपबशी, एवढ्यावर अख्खं घर उभं राहतं.

एक गोष्ट मात्र रेडिओ आणि ॲप दोन्हींकडे निसटते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. त्यामुळे पडद्यावरच्या गाण्यात असलेला एखादा अंतरा तबकडीवर नसे. आपण ऐकतो ते बहुधा तबकडीचं रूप. पुरं गाणं हवं तर सिनेमाच बघावा लागतो.

आता संच की आकाशवाणीचं ॲप? मुंबईत संचावर १०२.८ एफएमला लागणारी विविध भारती ॲपवरही ऐकू येते. संचाला डेटा लागत नाही, पण एसी लोकलमध्ये तो खरखरतो आणि भुयारी मेट्रोत गप्प बसतो. ॲपवर रत्नागिरी, सांगली, नागपूर केंद्रंही लागतात, हे कोकणातल्या माणसाला विचारा. ६४ केबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला २९ एमबीच्या आसपास जातात, म्हणजे काहीच नाही. खोट एवढीच की फोन हातात आला की बोट दुसरीकडे जातं. भाच्याचं तर दुसऱ्या गाण्यालाच.

कुठूनही ऐकलं तरी ते गाणं उचलून फिल्मला लावायचं नाही, हे त्याला दोनदा बजावलं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो; शब्दांचा आणि चालीचा मात्र कर्ता गेल्यानंतर ६० वर्षं चालतो. गीतकार साहिर लुधियानवी १९८०मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या ओळींसाठी २०४० संपेपर्यंत परवानगी हवीच. "रेकॉर्ड जुनी आहे" ही सबब चालत नाही.

माझं मत: संच घे, प्रवासाला आकाशवाणीचं ॲप ठेव, आणि गाण्यांचं ॲप जाहिरातींसकट फुकटात वापर. वर्षाचे पैसे वाचतील त्यात बरा माईक घे. संच घेताना स्टेशनचा आकडा पडद्यावर दिसणारा, डिजिटल बघ. मुंबईत स्टेशनांची एवढी दाटी आहे की स्वस्तातल्या संचाचा काटा जरा सरकला की शेजारचा आरजे घुसतो. आणि दुकानातच एरिअल पूर्ण ओढून, फिरवून बघ. बुडाशी सैल असेल तर तो संच तिथेच ठेव.