कॅलरीचं ॲप, फोटोंची डायरी की तेलाचा पिपा: गावच्या घराला काय परवडतं?

शुगर निघाली किंवा बीपीची गोळी सुरू झाली की घरातलं कॉलेजात जाणारं पोरगं आईबाबांच्या फोनमध्ये आहाराचं ॲप टाकून देतं. आठवडाभर नोंदी होतात, मग वावरातली कामं लागतात आणि ॲप नुसतंच आठवण करून देत राहतं. म्हणून कोणतं घ्यावं हे आधीच पाहिलेलं बरं. इथं डोळ्यांसमोर आहे ते अमरावती-यवतमाळकडचं घर: ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, झुणका, ठेचा, आणि एकाच गंजात सगळ्यांचं शिजणारं जेवण.

बहुतेकांची गाडी दोन नावांवर येऊन थांबते. हेल्दिफायमी बंगळुरूचं, २०१२ मध्ये सुरू झालेलं. मायफिटनेसपाल अमेरिकेचं, २००५ पासूनचं. आपल्या ताटाच्या बाबतीत पहिलं सरळसरळ उजवं आहे. पोळी, पोहे, वरण वाटीच्या मापात सापडतात, फोटोवरून पदार्थ ओळखायची सोयही आहे. मायफिटनेसपालमधल्या पुष्कळ नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या आहेत. त्यामुळे एकाच पदार्थाच्या अनेक नोंदी निघतात, प्रत्येकीचा आकडा वेगळा, आणि लोह-कॅल्शियमचे रकाने बऱ्याचदा रिकामे. पुड्यावरचा बारकोड स्कॅन करायची त्याची सोय चांगली होती, पण २०२२ पासून ती पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. २०१८ मध्ये त्याच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली होती, हेही माहीत असू द्या. आजाराची माहिती भरताना पासवर्ड तरी वेगळा ठेवा.

पण दोन्ही ॲपं अडखळतात ती एकाच जागी. ‘एक भाकरी’ असं निवडलं की ॲप स्वतःच्या मनातली भाकरी मोजतं. आपल्याकडची कशी असते ते काट्यावर पाहा: परातीत ८० ग्रॅम पीठ घेतलं तर सुमारे २७० कॅलरी. कापूस वेचून आलेला माणूस अशा तीन खातो. फोडणीचं तर विचारूच नका. मोठ्या चमचाभर, म्हणजे १५ मिली तेलात १२० च्या वर कॅलरी असतात, आणि झुणक्याला पळीनं तेल ओतणारी बाई चमचे मोजत बसत नाही. रश्श्यावरची तर्री फोटोत दिसते तरी, झुणक्यात मुरलेलं तेल कोणत्या कॅमेऱ्याला दिसणार? मेहनतीचा हिशेबही असाच लंगडा. निंदणाला वाकलेल्या बाईची पावलं फार पडत नाहीत, आणि फोन तर घरी चार्जिंगला लावलेला असतो.

दुसरा पर्याय फुकटचा आहे: जे खाल ते खाण्याआधी फोटो काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचं. नेट नसलं तर फोटो गॅलरीत राहतात, काही बिघडत नाही. कॅलरी कळत नाहीत, पण सवय कळते. रात्रीचं जेवण किती वाजता होतं, ताटात भाजी किती आणि भात किती, हे फोटो खाली सरकवत गेलं की आपोआप दिसतं. आणि चहा. दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. घरचा, शेजारचा, टपरीवरचा मिळून पाच कप झाले की ५० ग्रॅम. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली वरची मर्यादा तेवढीच आहे, म्हणजे गोडधोड न खाताच कोटा संपला. हे कळायला ॲप लागत नाही.

तिसऱ्या पर्यायाला ॲप म्हणता येत नाही, पण माझं मत त्याच्याच बाजूनं आहे. तेलाचा १५ किलोचा पिपा फोडला की फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाका, संपला की पुन्हा टाका. पाच माणसांत तीन महिने पुरला तर माणशी रोज ३३ ग्रॅम झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींची जी थाळी सुचवली आहे तिच्यात तेल-तूप २७ ग्रॅम आहे, धान्य २५० आणि भाजीपाला ४०० ग्रॅम. तोच पिपा पावणेचार महिने पुरवायचा, हे उद्दिष्ट स्वयंपाक करणारीला लगेच कळतं. ॲप एका माणसाचं ताट मोजतं, गंज मात्र सगळ्या घराचा असतो. सासऱ्यांसाठी वेगळी, कमी तेलाची भाजी रोज कोण करणार?

मग ॲप कुणी घ्यावं? नागपूर-अकोल्याला खोली करून राहणाऱ्या, मेसमध्ये आणि बाहेर खाणाऱ्या पोरानं जरूर घ्यावं. एक-दोन महिने नोंदी केल्या की अंदाज बसतो, पुढं गरज उरत नाही. घरी वजन वाढलेला, बसून काम करणारा दुकानदार असेल तर फोटोंची डायरी आणि पिपा पुरे.

हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईच्या हाती कॅलरी कमी करायला लावणारं ॲप देऊच नका. तिला जास्त हवं आहे: वरण घट्ट, अंबाडीची किंवा तरोट्याची भाजी, चालत असेल तर अंडं, आणि जेवणावर लगेच चहा नको, कारण चहामुळं लोह अंगी लागत नाही. रक्त वाढवायच्या गोळ्या आशाताईंना विचारा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यानं ॲपच्या सांगण्यावरून जेवण घटवलं तर शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांशी बोला.

आहारतज्ज्ञाचा सल्ला मिळणारी पैशाची योजना घ्यायचीच असेल तर वर्षाची नको, महिन्याची घ्या. आणि पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: ज्वारी, तूर, जवसाची चटणी आणि बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या भाज्या यांत आठवड्याचा आहार बसवून द्याल का? उत्तरात ओट्स आणि ब्रोकोली आली तर तुमचे पैसे तुमच्याजवळच राहू द्या.