बायोसँड फिल्टर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यापासून पिण्याचे सगळे पाणी काँक्रीटच्या बायोसँड फिल्टरमधून, म्हणजे वाळूतून सावकाश पाणी गाळणाऱ्या पेटीतून येते. कडक ऊन, मुसळधार पाऊस आणि आताची थंडी असे तिन्ही ऋतू त्याने काढले असल्यामुळे त्याच्याविषयी थोडे ठामपणे लिहिता येईल. तो उपयोगी आहे आणि स्वस्तही आहे, पण भिंतीला टांगून विसरून जावे असे हे उपकरण नव्हे.

आमची विहीर जांभ्यातली आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे आसपासच्या शोषखड्ड्यांचे पाणी त्यातून विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड होते, पण जिवाणू तपासण्याच्या बाटलीत ते भरून ठेवले की दुसऱ्या दिवशी बाटली काळी होत असे, म्हणजे पाणी दूषित होते. क्षार मुळातच कमी असल्याने आरओ यंत्राचे येथे काही काम नव्हते. शिवाय ते यंत्र बरेच पाणी वाया घालवते आणि पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो.

नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा काढला की त्यात स्वच्छ पाणी जमते, हे गावाकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. वाळूतून पाणी सावकाश झिरपवण्याची हीच रीत शहरांनी एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर उचलली. १८९२ साली जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली, पण त्याच एल्ब नदीचे, तेही हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे, पाणी वाळूतून गाळून पिणारे शेजारचे आल्टोना बव्हंशी वाचले. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या डेव्हिड मँझ यांनी १९९०च्या दशकात या पद्धतीला घरात मावेल असे रूप दिले. शहरांच्या मोठ्या टाक्यांमध्ये पाणी अखंड वाहते ठेवावे लागते. मँझ यांच्या रचनेत मात्र ते थांबून थांबून ओतले तरी चालते.

कुंड्या आणि जाळ्या ओतणाऱ्या स्थानिक कारागिराने साच्यात सिमेंटची पेटी ओतून दिली. तळाशी जाड खडी, तिच्यावर बारीक खडी आणि त्यावर अर्ध्या मीटरहून थोडी अधिक बारीक वाळू अशी रचना आहे. खरे कष्ट वाळूचे आहेत. नदीच्या वाळूत आधीच सेंद्रिय घाण असू शकते, म्हणून खाणीवरची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घेतली. ती चाळून आणि वारंवार धुऊन त्यातली भुकटी प्रमाणात आणणे हे सगळ्यांत कंटाळवाणे काम निघाले. भुकटी फार राहिली तर धार मंदावते, वाळू गरजेपेक्षा जास्त धुतली तर पाणी भराभर निघून जाते. भरलेल्या फिल्टरमधून मिनिटाला साधारण ०.४ लिटर, म्हणजे अडीच मिनिटांत एक लिटर, ही योग्य गती समजली जाते.

जंतू मारण्याचे काम एकट्या वाळूचे नाही. वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरांत सूक्ष्मजीवांचा थर तयार होतो आणि तो पाण्यातले रोगजंतू खातो. हा थर पक्का व्हायला महिनाभर लागू शकतो, त्यामुळे सुरुवातीला आम्ही पाणी उकळूनच पीत होतो. थराला प्राणवायू मिळावा म्हणून पाणी थांबल्यावर वाळूवर बरोबर ५ सेंटीमीटर पाणी राहील, अशा उंचीवर बाहेरची नळी काढलेली असते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला तोटी का बसवली नाही, असे विचारतो. तोटी बंद केली की आतली पातळी चढते आणि खालचा थर गुदमरतो, हे समजावण्यात माझा बराच वेळ गेला आहे. नळयोजनेचे टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलेले पाणीही यात ओतायचे नाही, कारण क्लोरीन या थरालाच मारते.

एका वेळी साधारण १२ लिटर पाणी ओतावे, धार थांबल्यावर निदान तासभर विश्रांती द्यावी आणि दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे हे वेळापत्रक आहे. गणपतीत मुंबईला जाताना शेजारच्या काकूंना रोज एक कळशी ओतायला सांगून जावे लागले. ज्या घराला वरचेवर कुलूप लागते, तेथे हा फिल्टर नको.

पावसाळ्यातला अनुभव संमिश्र आहे. महिनाभरानंतर तपासणीची बाटली काळी होणे थांबले होते. पण पहिल्या मोठ्या पावसात विहीर गढूळ झाली, धार अगदी बारीक झाली आणि बाटली पुन्हा काळी पडली. आता पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठळक छपाईवर ठेवून वरून पाहतो. अक्षरे वाचता आली नाहीत, तर ते पाणी तुरटी फिरवून निवळू देतो आणि मगच ओततो. धार फारच मंदावली तर वाळूचा पृष्ठभाग हाताने हलकेच ढवळून वरचे गढूळ पाणी काढून टाकायचे, हीच सफाई. त्यानंतर थर पुन्हा जमेपर्यंत सावध राहावे लागते.

हगवण आणि जंतांच्या बाबतीत मला या फिल्टरवर विश्वास वाटतो, कारण तो जिवाणू मोठ्या प्रमाणात आणि आदिजीव (अमिबासारखे एकपेशीय जीव) जवळजवळ पूर्णपणे अडवतो. काविळीचे विषाणू मात्र इतके सूक्ष्म असतात की तेथे त्याची खात्री देता येत नाही. म्हणून पावसाळाभर गाळलेल्या पाण्यात आरोग्य उपकेंद्रातून मिळालेले क्लोरीनचे द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबतो. पाणी आधीच स्वच्छ असल्यामुळे क्लोरीन चांगले काम करते आणि वासही कमी येतो. पाणी साठवायला तोटीचा माठ हवाच. उघड्या हंड्यात हात बुडवून पेला भरायचा असेल, तर गाळण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

विरघळलेले क्षार आणि फ्लोराइड यांवर या फिल्टरचा उपाय चालत नाही. खाडीकाठच्या खाऱ्या विहिरींना किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडयुक्त पाण्याला तो सुचवू नये. आमच्या पाण्यातला लोहाचा तांबूस डाग मात्र गेला, हा न मागता झालेला फायदा.

खर्चात साचा सोडला तर सिमेंट, खडी, वाळू, नळी आणि मजुरी एवढेच येते. इतर फिल्टरांसारखे काडतूस किंवा मेणबत्ती (कँडल) बदलण्याचा खर्च नाही. साचा महाग पडतो, त्यामुळे वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून तो करून घेतला तरच हिशेब जमतो. भरल्यावर फिल्टर हलवता येत नाही आणि हलवला तर वाळूची रचना बिघडते, म्हणून जागा सावलीतली, सपाट आणि घरातल्या वयस्कर माणसालाही कळशी उचलून ओतता येईल अशी निवडावी.