राजवाड्याजवळील महेश्वरी साड्यांचे दुकान, इंदूर

या लहानशा दुकानात प्रत्येक साडीबरोबर तिच्या रंगाचीही माहिती मिळते, आणि माझ्या मते हेच त्याचे खरे वैशिष्ट्य आहे. मी निवडलेली जांभळी साडी कृत्रिम रंगाची असल्याचे विक्रेत्याने आपणहून सांगितले. १८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किन या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्विनीन हे हिवतापावरचे औषध बनवण्याच्या प्रयत्नात डांबरापासून मिळणाऱ्या अॅनिलीनमधून जांभळा रंग गवसला आणि तोवर अतिशय महाग असलेली ही छटा युरोपातील सामान्य स्त्रियांच्या पोशाखातही आली. पुढे अशाच रंगांवर जर्मनीचा रसायन उद्योग उभा राहिला, तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी अशा रंगांनी पेशी रंगवता रंगवता जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ पॉल एर्लिख औषधांच्या शोधाकडे वळले. मात्र १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आल्यावर आपल्याकडील निळीचा व्यापार कोसळला, याची हळहळ वाटते.

साडीचा रेशमी ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे) एकसारखे रंगले आहेत. धुतल्यावरही रंग सुटला नाही. नैसर्गिक निळीच्या साड्या मात्र येथे मोजक्याच आणि बऱ्याच महाग आहेत. दुकानदारांनी त्या अधिक ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.